शेवटच्या बाकापर्यंत प्रभूशब्द पोहोचावा
आपल्या चर्चमधील ध्वनी व चित्र साधनांविषयी थोडा विचार

आपल्या धर्मग्रामांमध्ये माइक आणि स्पीकर नाहीत असे चर्च आज क्वचितच आढळेल. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचे चर्च असो वा अंबड-परतूरकडील एखाद्या खेड्यातील पत्र्याच्या छपराचे छोटे प्रार्थनामंदिर असो, वेदीजवळ एक माइक उभा असतोच. भिंतीवर स्पीकर असतात, कोपऱ्यात अॅम्प्लिफायर असतो. अलीकडे काही ठिकाणी पडदा आणि प्रोजेक्टरही आले आहेत. धर्मग्रामातील कुटुंबांनी पैपैसा जमवून ही साधने घेतलेली असतात आणि त्यामागील भावना निर्मळ असते.

तरीही एक प्रश्न उरतोच. साधने आली, पण प्रभूशब्द ऐकू येतो का?

जालना जिल्ह्यातील एका गावी रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही मागच्या बाजूला बसलेल्या एका वृद्ध मातेला विचारले, "आजी, आज फादरांनी काय सांगितले?" त्या हसून म्हणाल्या, "आवाज तर लई मोठा व्हता बाबा, पण शबूद काही कळंना." त्या आजींनी वाचनानंतरचा प्रतिसाद दिला होता, 'आमेन'ही म्हटले होते, परंतु कशाला 'आमेन' म्हटले, ते त्यांना ऐकूच आले नव्हते. आवाज मोठा असणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद आपल्या धर्मग्रामांनी नीट समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

पवित्र सभेची भूमिका

तंत्रज्ञान आणि उपासना यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका नवा नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले. ते केंद्र रेडिओचे संशोधक मार्कोनी यांनी उभारले होते. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी चित्रपट, रेडिओ व दूरदर्शन यांविषयी एक परिपत्र काढले. त्याच पोपमहोदयांनी १९५८ साली असिसीच्या संत क्लारा यांना दूरदर्शनच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे नाताळच्या रात्री चर्चमध्ये जाऊ न शकलेल्या संत क्लारांना आपल्या खोलीतच ती उपासना दिसली व ऐकू आली, अशी त्यांच्याविषयीची परंपरागत कथा आहे.

उपासनेतील वापराबाबत पवित्र सभेने आरंभापासूनच एक रेषा आखून दिली. ३ सप्टेंबर १९५८ रोजी पवित्र संगीत व उपासना यांविषयी जी सूचनापत्रिका प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. धर्मगुरू, निवेदक इत्यादींचा जिवंत आवाज मोठा करण्यासाठी ध्वनिवर्धक वापरण्यास हरकत नाही. मात्र ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर, रेडिओ अशा यंत्रांमधून आलेले ध्वनिमुद्रित संगीत उपासनाविधीत वापरू नये. या भेदामागचे सूत्र विचार करण्याजोगे आहे. यंत्राने माणसाच्या आवाजाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचे संविधान आणि समाजसंपर्क साधनांविषयीचा आदेश असे दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसिद्ध केले. भाविकांनी उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग घ्यावा, हा त्या संविधानाचा गाभा आहे. ज्याला ऐकूच येत नाही, तो जाणीवपूर्वक सहभागी कसा होणार? म्हणूनच रोमन मिस्साग्रंथाच्या २००२ सालच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत, धर्मगुरू, उपयाजक व वाचक हे भाविकांना केवळ दिसावेत एवढेच नव्हे, तर आधुनिक तांत्रिक साधनांच्या साहाय्याने ते सहजपणे ऐकूही यावेत, याची काळजी घेण्यास सांगितले आहे. याचा अर्थ असा की, ध्वनिव्यवस्था ही चर्चची शोभा वाढविण्यासाठी नसून ती उपासनेची गरज आहे.

आपली परंपरा ऐकण्याची

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात श्रद्धेचा उगम ऐकण्यात आहे असे सांगतात. मराठी ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे प्रथम छापले गेले. मात्र त्याच्या ओव्या लोकांपर्यंत पोहोचल्या त्या गायनातून आणि श्रवणातून. खुद्द जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत वसविली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तनाची वाट धरली. आपल्या या प्रॉटेस्टंट बंधूंनीही मराठी माणसाचे मन कानावाटे जिंकता येते, हे ओळखले होते.

आजही परिस्थिती फार बदललेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांहून अधिक होते. जालना जिल्हा त्या सरासरीच्या बराच खाली होता, आणि वयस्कर स्त्रियांमध्ये तर वाचता येणाऱ्यांची संख्या आणखी कमी. अशा आजीसाठी रविवारची वाचने हेच तिचे बायबल असते. घरी गेल्यावर तिला ग्रंथ उघडून वाचता येणार नसतो. चर्चमध्ये शब्द हुकला, तर तो आठवडाभरासाठी हुकला. खराब ध्वनिव्यवस्थेची किंमत कोण चुकविते, याचे उत्तर येथे मिळते. पुढच्या बाकावरील सुशिक्षिताचे फारसे बिघडत नाही. मागच्या बाकावरील निरक्षर मातेचे सर्वस्व हुकते.

शब्द का कळत नाही?

आपल्या बोलण्यातील जोर मुख्यतः स्वरांमध्ये असतो, तर अर्थ बव्हंशी व्यंजनांवर अवलंबून असतो. 'पाप', 'ताप' आणि 'शाप' या तीन शब्दांतील 'आ' सारखाच आहे. अर्थ बदलतो तो पहिल्या व्यंजनामुळे. ही व्यंजने क्षीण आणि क्षणिक असतात. चर्चमधील गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती, फरशी आणि उंच छत यांवर आदळून आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. मागच्या शब्दाचा घुमणारा स्वर पुढच्या शब्दाच्या व्यंजनाला झाकून टाकतो. अशा वेळी आपण अॅम्प्लिफायरचे बटण वाढवितो. परिणामी घुमणेही तितकेच वाढते आणि शब्द अधिकच बुडतो.

यासाठी पहिला उपाय विजेचा नाहीच. जमिनीवर सतरंज्या अंथरणे, मागच्या भिंतीवर जाड सुती पडदा सोडणे, आवाज करणारे पंखे दुरुस्त करणे, एवढ्यानेही फरक जाणवतो. माणसे स्वतःही आवाज शोषून घेतात. म्हणून शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये घेतलेली चाचणी आणि रविवारी भरलेल्या चर्चमधील प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर पडते. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात जोराची सर आली, तर कोणताही स्पीकर तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही. अशा वेळी आवाज चढविण्यापेक्षा वाचकाने क्षणभर थांबावे, किंवा सर्वांनी वेदीजवळ सरकून बसावे.

अॅम्प्लिफायर विकत घेताना धर्मग्राम समितीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १०० वॅटऐवजी २०० वॅटचे यंत्र घेतले, म्हणजे आवाज दुप्पट होतो असे नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून बहुतेक लहान चर्चमध्ये शक्तिशाली यंत्रापेक्षा योग्य जागी लावलेले स्पीकर आणि नीट वापरलेला माइक यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

माइक आणि वाचक

माइकपासूनचे अंतर ही सर्वांत महत्त्वाची आणि पूर्णपणे विनामूल्य गोष्ट आहे. तोंड माइकपासून १५ सेंटिमीटरवर असताना जो आवाज माइकला मिळतो, त्याच्या तुलनेत ६० सेंटिमीटरवरून मिळणाऱ्या आवाजाची शक्ती सुमारे एक सोळांश उरते. मग ती भरून काढण्यासाठी बटण वाढवावे लागते. बटण वाढले की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, आणि या फेऱ्यातून ती परिचित कर्कश शिट्टी जन्माला येते. शिट्टी वाजली की यंत्र बिघडले असे आपण समजतो. बहुधा माइक तोंडापासून फार दूर असतो, किंवा स्पीकर माइकच्या मागे लावलेले असतात, अथवा एकाच वेळी नको तितके माइक चालू असतात.

यावरून काही साधे नियम निघतात. वाचकाने माइकपासून साधारण एक वीत अंतरावर उभे राहावे. वाचक उंच असो वा लहान मुलगी असो, वाचनापूर्वी माइकची उंची तिच्या तोंडाच्या पातळीवर आणून द्यावी. माइकवर टिचकी मारू नये, फुंकर घालू नये. त्याने माइकचा नाजूक पडदा खराब होऊ शकतो आणि प्रभूशब्दाचा आरंभही अशोभनीय होतो. वाचनमंचावरील वाचन चालू असताना गायकवृंदाचे माइक बंद असावेत.

आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे सावकाश वाचावे. घुमणाऱ्या जागेत भरभर वाचलेला मजकूर कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास घेण्याइतके थांबल्यास घुमणारा आवाज विरतो आणि पुढचे वाक्य स्वच्छ ऐकू येते. वाचकांना आदल्या दिवशी वाचन देऊन ते मोठ्याने वाचावयास लावणे, ही आपल्या धर्मग्रामातील सर्वोत्तम 'ध्वनिव्यवस्था' ठरेल.

स्पीकर कोठे लावावेत?

स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, म्हणजे भाविकांच्या बाजूला असावेत आणि त्यांची दिशा भिंतीकडे वा छताकडे नव्हे, तर माणसांच्या कानांकडे झुकलेली असावी. लांबट, उभ्या आकाराचे कॉलम स्पीकर चर्चसाठी सोयीचे असतात. ते आवाज आडवा पसरवितात व वर-खाली कमी जाऊ देतात, त्यामुळे छतावर आदळणारा आवाज घटतो. जत्रेत किंवा प्रचारगाडीवर असतात तसे भोंगे बंदिस्त चर्चमध्ये लावू नयेत. ते मोकळ्या मैदानासाठी असतात.

लांब चर्चमध्ये मागच्या बाजूसही स्पीकर लावले जातात. हे योग्यच आहे. मात्र येथे एक अडचण उद्भवते. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. मागे बसलेल्या माणसाला जवळच्या स्पीकरचा आवाज लगेच ऐकू येतो, पण वीस मीटर पुढे असलेल्या स्पीकरचा तोच शब्द सेकंदाच्या सुमारे सतराव्या भागाने उशिरा पोहोचतो. अंतर आणखी वाढले की प्रत्येक शब्द दोनदा उच्चारल्यासारखा वाटतो. मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच विलंबाने सोडणारी साधने मिळतात. ती परवडत नसतील, तर मागच्या स्पीकरचा आवाज पुढच्यापेक्षा बराच कमी ठेवावा.

लांब तारांसाठी आपल्याकडे बहुधा १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. तिच्यात लांबवरही आवाज फारसा क्षीण होत नाही. परंतु अशा लाइनवर साधा घरगुती स्पीकर जोडल्यास तो जळतो आणि कधी अॅम्प्लिफायरही निकामी होतो. कोणीतरी भेट दिलेला जुना स्पीकर 'असू द्या, लावून बघू' म्हणून जोडण्यापूर्वी जाणकारास विचारणे बरे.

वीज आणि सुरक्षितता

मराठवाड्यातील भारनियमनाचा अनुभव आपणा सर्वांस आहे. म्हणून खेड्यातील चर्चसाठी अॅम्प्लिफायर घेताना तो घरगुती विजेबरोबरच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा असावा. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, चार्जिंग वेळेवर करावे आणि ती नाताळच्या रात्री प्रथमच तपासू नये.

अर्थिंगकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. माइक हा धातूचा असतो आणि धर्मगुरू तो हातात धरतात. सदोष जोडणी, तुटलेले अर्थिंग आणि ओली फरशी एकत्र आली, तर जिवावर बेतू शकते. स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज येत असेल, तर तो अर्थिंगच्या दोषाचा इशारा असू शकतो. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. येण्याजाण्याच्या वाटेवरून तारा सोडू नयेत. मिस्सा संपल्यावर माइक झाकून ठेवावा. उन्हाळ्यातील धूळ आणि पाली-झुरळे ही यंत्रांची मोठी शत्रू आहेत.

गायन कोणाचे?

आता एका नाजूक विषयाकडे वळू. काही ठिकाणी गायकवृंद कमी पडतो म्हणून पेनड्राइव्हवरील गीते लावली जातात. कोठे संगीताची तयार पट्टी लावून तिच्यावर एक-दोघे गातात. आवाज सुरेल असतो, वाद्यमेळही भरगच्च असतो. परंतु मागे वळून पाहावे, तर भाविकांची तोंडे मिटलेली असतात. यंत्र गात असते आणि ख्रिस्तसभा ऐकत असते.

१९५८ च्या सूचनापत्रिकेने नेमका हाच धोका ओळखला होता. ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीताविषयी जी नवी सूचनापत्रिका आली, तिनेही समुदायाच्या गायनास अग्रस्थान दिले. १९७३ च्या मुलांसोबतच्या मिस्सेविषयीच्या मार्गदर्शिकेत ध्वनिमुद्रित संगीताला सवलत आहे, पण ती मुलांच्या मिस्सेपुरती आणि धर्माचार्यांच्या परिषदेच्या नियमांनुसार. म्हणून धर्मग्रामात गायक कमी असतील, तर एक पेटी, एक ढोलकी आणि सर्वांना पाठ असलेली चार गीते एवढे पुरे. बेसूर का होईना, पण आपल्या कंठातून निघालेली स्तुती ही आपली असते. ध्वनिमुद्रित गीते सराव करण्यासाठी, घरी शिकण्यासाठी अवश्य वापरावीत.

मार्गदर्शिकेतील आणखी एक सूचना आपल्याकडे सहज विसरली जाते. धर्मगुरू अध्यक्षीय प्रार्थना म्हणत असताना वाद्ये शांत असावीत. पवित्रीकरणाच्या प्रार्थनेमागे कीबोर्डची मंद धून वाजविण्याची प्रथा कितीही भावपूर्ण वाटली, तरी ती टाळावी. शांतता हादेखील उपासनेचा भाग आहे.

पडदा आणि प्रोजेक्टर

गीतपुस्तके सर्वांना पुरत नाहीत. अशा वेळी पडद्यावर गीतांचे शब्द दाखविल्याने तरुण आणि नवीन भाविक सहज गाऊ लागतात, हा पडद्याचा खरा उपयोग. मात्र पडदा क्रुसाच्या, वेदीच्या किंवा पवित्र पेटीच्या समोर अथवा वर येऊ नये. तो बाजूस असावा. गीत संपले की पडदा कोरा करावा. हलती चित्रे, फुलांचे वर्षाव, संगणकावरील संदेश आणि जाहिराती वेदीवरील कृतीपासून मन विचलित करतात.

व्यवहारातील दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्याकडे सकाळच्या मिस्सेला खिडक्यांतून प्रखर ऊन येते आणि प्रोजेक्टरचे चित्र पुसट होते. अशा ठिकाणी मोठा दूरदर्शन संच अधिक उपयोगी पडतो. दुसरे म्हणजे जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली मराठी गीते दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरे विस्कटतात आणि ऐनवेळी फजिती होते. गीते युनिकोडमध्ये टंकलिखित करावीत, अक्षर मोठे ठेवावे, एका वेळी चार ओळींपेक्षा अधिक दाखवू नयेत. जी आजी वाचू शकत नाही, तिच्यासाठी गायकवृंदाने ओळ आधी म्हणावी आणि सर्वांनी मागून म्हणावी. ही आपली भजनाची जुनीच रीत आहे.

थेट प्रक्षेपण: सेवा की पर्याय?

२०२० सालच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पावसात उभ्या राहून पोप फ्रान्सिस यांनी जगासाठी केलेली प्रार्थना असंख्य लोकांनी पडद्यावर पाहिली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत खुली झाली. त्या काळात मोबाइलवरील मिस्सेने अनेक घरांना आधार दिला.

आज दारे उघडी आहेत. तरीही थेट प्रक्षेपणाची गरज पूर्णपणे संपलेली नाही. अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत, त्यांची काळजी वाहणाऱ्या स्त्रिया आहेत. आणि आपल्या भागात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणारी कुटुंबे आहेत, ज्यांचा नाताळ फडावरील कोपीतच उजाडतो. गावच्या चर्चमधील नाताळची गीते त्यांना मोबाइलवर ऐकता आली, तर ती मोठी सेवा ठरेल. परंतु पडद्यावरील मिस्सा पाहणे हे प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. पवित्र ख्रिस्तशरीर पडद्यातून स्वीकारता येत नाही. धडधाकट माणसाने घरी बसून मिस्सा 'पाहणे' हा आळस होय. रुग्णाकडे मात्र नुसती लिंक पाठवून थांबू नये, ख्रिस्तशरीर घेऊन कोणीतरी गेले पाहिजे.

व्हॅटिकन परिषदेच्या संविधानानुसार उपासनेचे प्रक्षेपण विवेकाने, शोभनीय रीतीने आणि धर्माचार्यांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावयास हवे. ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्यांचे चेहरे, रडणाऱ्या माता, लहान मुले यांच्यावर कॅमेरा रोखू नये. कॅमेरा एका जागी स्थिर असावा. वेदीभोवती फिरणारा छायाचित्रकार कितीही कुशल असला, तरी तो उपासनेत व्यत्ययच आणतो.

येथेच एक गंभीर सूचना. धर्मगुरूंच्या झग्यावर लावलेला बिनतारी माइक चालू राहिला आणि ते प्रायश्चित्त संस्कारासाठी बसले, तर काय अनर्थ होईल याची कल्पना करावी. १९८८ साली व्हॅटिकनने काढलेल्या आदेशानुसार, पापनिवेदनातील संभाषण तांत्रिक साधनांनी ध्वनिमुद्रित करणे किंवा प्रसारमाध्यमांतून प्रसृत करणे, यास बहिष्काराची शिक्षा होती. अनवधानाने झालेली चूक वेगळी असली, तरी तिने एखाद्या जीवाचे कायमचे नुकसान होऊ शकते. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी माइक केवळ बंद न करता अंगावरून काढून ठेवावा.

शेजाऱ्यांचे कान

आपले शेजारी हिंदू, मुस्लिम, बौद्ध बांधव आहेत. त्यांच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि आजारी माणसे आहेत. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृहातील वापर वगळता ध्वनिवर्धकास मनाई आहे. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावण्यास लेखी परवानगी लागते. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा उघड्या मैदानात ठेवायची असेल, तर त्या वर्षीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आधी पाहावा. अन्यथा ती वेळेपूर्वी संपवावी किंवा चर्चच्या आत घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले आहे. इतरांच्या भोंग्यांविषयी तक्रार करण्यापूर्वी आपला स्पीकर चर्चच्या भिंतीआड राहतो ना, हे आपण पाहावे.

ही सेवा कोण करणार?

यंत्र कितीही चांगले असले, तरी ते सांभाळणारा माणूस लागतो. आपल्या धर्मग्रामात वाचक आहेत, गायक आहेत, वेदीसेवक आहेत. त्यांच्याच जोडीने दोन-तीन तरुण-तरुणींची 'ध्वनिसेवक' म्हणून नेमणूक व्हावी. त्यांनी मिस्सेपूर्वी अर्धा तास यावे. प्रत्येक माइक बोलून तपासावा. बॅटरी पाहावी. सगळ्या बटणांच्या योग्य जागा खडूने वा चिकटपट्टीने खूण करून ठेवाव्यात, म्हणजे कोणीही हात लावला तरी व्यवस्था पुन्हा मूळ जागी आणता येईल. मिस्सा चालू असताना एकाने यंत्राजवळ नव्हे, तर मागे, लोकांमध्ये बसावे. कारण यंत्राजवळ काय ऐकू येते, याला महत्त्व नाही.

आणि एक छोटीशी चाचणी आम्ही सुचवितो. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मग्राम समितीच्या एका सभासदाने शेवटच्या बाकावरील, किंवा दाराजवळ सतरंजीवर बसलेल्या, सर्वांत वृद्ध मातेजवळ जावे आणि नम्रपणे विचारावे, "आजी, आज शुभवर्तमानात काय होते?" आजींनी दाखला सांगितला, तर आपली ध्वनिव्यवस्था उत्तम आहे, मग ती कितीही जुनी असो. त्या नुसत्या हसल्या, तर नवे यंत्र घेण्याचा ठराव करण्याआधी हा लेख पुन्हा एकदा वाचावा: माइकचे अंतर पाहावे, स्पीकरची दिशा पाहावी, वाचकाला सावकाश वाचण्यास सांगावे.

प्रभू येशूने गालीलच्या सरोवरात नावेत बसून किनाऱ्यावरील लोकसमुदायाला उपदेश केला, असे शुभवर्तमान सांगते. लोकांची दाटी झाली तेव्हा सर्वांना ऐकू यावे अशी जागा त्याने निवडली. त्याच्यापाशी यंत्र नव्हते. पण शेवटच्या माणसाची काळजी होती. ती काळजी आपल्यापाशी असेल, तर आपली साधनेही त्याच्या शब्दाची सेवा करतील.